नजर भरकटते ती विश्रांतीच्या दोन मिनिटांत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्यायामशाळेत रोखून बघण्याचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला चर्चा बायकांच्या कपड्यांवर येते आणि तिथेच रुतते. लेगिंग्ज इतक्या घट्ट कशाला, वरून एखादा सैल शर्ट घातला तर काय बिघडते, वगैरे. आम्ही व्यायाम शिकवणारी माणसे आहोत, आमच्यात बायकाही आहेत आणि पुरुषही. ते कपडे तसे का असतात आणि बघणारा नेमका केव्हा बघतो, एवढे जरी समजून घेतले तरी काय करायचे ते बरेचसे उघड होते. त्यातले फारच थोडे कपड्यांशी संबंधित आहे.

तरीही सुरुवात कपड्यांपासूनच करतो, कारण त्यांच्याबद्दलचे गैरसमज जास्त आहेत. सुती कापड घाम पिते आणि धरून ठेवते. पॉलिस्टर आणि नायलॉनचे धागे स्वतः फार कमी पाणी शोषतात. घाम धाग्यांमधल्या फटींतून कापडाच्या बाहेरच्या अंगाला पसरतो आणि तिथून उडून जातो. भिजलेला सुती शर्ट जड होतो, काखेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला घासतो आणि कातडी सोलवटते. लेगिंग्जमधला ताण देणारा धागा म्हणजे इलॅस्टेन. १९५८ मध्ये अमेरिकेत जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने तो तयार केला. हा धागा चार-पाच पट ताणला तरी मूळ लांबीवर परत येतो. म्हणून खाली बसताना गुडघ्यावर कापड अडत नाही आणि उठल्यावर ते वर ओढत बसावे लागत नाही.

दुसरे कारण आमच्या कामाचे. स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन खाली बसून उठणे) करताना गुडघे आत वळतात का, टाचा उचलल्या जातात का, खालच्या टप्प्यात कंबर गोल होते का, हे शिकवणाऱ्याला दिसावे लागते. ढगळ पँट आणि मांडीपर्यंत लोंबणारा शर्ट असेल तर यातले निम्मे झाकले जाते आणि चूक कळते ती पाठ धरल्यावर. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत तर अंगाला घट्ट बसणारा पोशाख हा नियमच आहे, कारण कोपर आणि गुडघा पूर्ण सरळ झाला की नाही हे पंचांना पाहायचे असते. २०११ मध्ये अमेरिकेच्या कुलसूम अब्दुल्ला यांनी हातपाय झाकून स्पर्धेत उतरण्याची परवानगी मागितली, तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेने ती दिली. पण झाकणारे कापडही अंगालगत असावे, सांधे कळायला हवेत, ही अट ठेवली. म्हणजे अंग झाकणे आणि कापड घट्ट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते.

सैल शर्टाने काय साधते तेही पाहू. डेडलिफ्टसाठी, म्हणजे जमिनीवरचे वजन उचलायला, वाकले की सैल गळा पुढे लोंबतो. हात जमिनीवर टेकून कंबर वर उचलली की शर्ट तोंडावर येतो. आडवे पडून पाय वर घेतले की सैल शॉर्ट्स कंबरेकडे घसरतात. अशा कपड्यांतली बाई व्यायामापेक्षा कपडे सावरण्यातच गुंतते, आणि वजन हातात असताना एक हात गळ्याकडे गेला तर तोल जातो. ओढणी, लोंबत्या नाड्या आणि रुंद बाह्या ट्रेडमिलच्या पट्ट्यात किंवा केबलच्या पुलीत अडकतात. हा धोका पुरुषांच्या हूडीच्या दोरीलाही तितकाच आहे.

स्पोर्ट्स ब्राबद्दल पुरुष वाचकांनीही वाचावे. स्तनात आधार देणारा स्नायू नसतो; आधार असतो तो त्वचेचा आणि आतल्या पातळ तंतूंचा. धावताना स्तन वर-खाली, डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे असे तिन्ही दिशांनी हलतात, आणि ते दुखते. पहिली स्पोर्ट्स ब्रा १९७७ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी बनवली, तीही पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटवजा आधारपट्टे एकत्र शिवून. तिच्यात खरे वजन पेलतो तो छातीखालचा पट्टा. त्यात दोन बोटे जेमतेम जावीत, हात वर केल्यावर पट्टा वर सरकू नये, आणि पूर्ण श्वास घेताना बरगड्या आवळल्यासारखे वाटू नये. खांद्यावर वळ उठत असतील तर पट्टा सैल आहे आणि भार खांद्यांवर आला आहे. हे साधन आहे, बुटांसारखे. उन्हाळ्यात कोणी वर शर्ट न घालता त्यावरच व्यायाम केला, तर ती इतरांना दिलेली सूचना समजू नये.

लेगिंग्ज घेताना दुकानात खाली पूर्ण बसून, मागून उजेडात पाहावे. कापड पारदर्शक दिसते ते बहुधा एक माप लहान घेतल्यामुळे, कारण जास्त ताणले की विणीचे डोळे उघडतात. दोन पायांच्या सांध्यावर चौकटीच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला असेल तर शिवण टोचत नाही आणि उसवतही नाही.

व्यायामशाळेला पोशाखाचा नियम हवाच असेल तर तो सगळ्यांना एक हवा: पुढून बंद बूट, शर्ट काढायचा नाही, लोंबते काही नको, सोबत टॉवेल. कमरेपर्यंत काख उघडी असणारे बनियन आणि आत काहीही न घालता नुसती पातळ ट्रॅक पँट, ही पुरुषांची सवयही या नियमात येते. बायकांपुरते वेगळे कलम लिहिले की बघणाऱ्याला आयते निमित्त मिळते.

आणि कपड्यांचा प्रश्न केवळ ‘कमी कपडे’ असा कधीच नव्हता. २०२१ च्या जुलैत बल्गेरियात वाळूवरच्या हँडबॉलची युरोपीय स्पर्धा झाली. नॉर्वेच्या महिला संघाने बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून संघाला १५०० युरो दंड झाला. पुरुष त्याच खेळात शॉर्ट्सच घालत होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जर्मनीच्या जिम्नॅस्ट मुली घोट्यापर्यंत झाकणारा पोशाख घालून युरोपीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा त्याचीच बातमी झाली. कुठे जास्त झाकले म्हणून दंड, कुठे कमी झाकले म्हणून टोमणे. दोन्ही ठिकाणी निर्णय कपडे घालणारीच्या हातून काढून घेतला जातो.

आता बघण्याकडे येतो.

एका तासाचा हिशेब मांडून पाहा. पाच व्यायाम, प्रत्येकी चार सेट (न थांबता केलेली एक फेरी म्हणजे सेट), म्हणजे २० सेट. दहा रेप्सच्या, म्हणजे दहा आवर्तनांच्या, सेटला साधारण ४० सेकंद लागतात. सगळे सेट मिळून काम होते १३ ते १४ मिनिटांचे. मधली विश्रांती दोन-दोन मिनिटांची धरली तर ती ३८ मिनिटे. म्हणजे वजन उचलायला आलेला माणूस त्या तासातला बहुतांश वेळ नुसता उभा किंवा बसलेला असतो, दम घेत, हात रिकामे. रोखून बघणे घडते ते या ३८ मिनिटांत. वजन पाठीवर असताना कोणी कोणाकडे बघत नाही. त्यामुळे ‘नजर सुधारा’ असा मोघम उपदेश करण्यापेक्षा विश्रांतीत काय करायचे हे पहिल्या दिवशी शिकवणे जास्त उपयोगाचे आहे, आणि आपल्याकडचे बहुतेक प्रशिक्षक, आम्हीही त्यात आलो, ते शिकवायला विसरतात.

नजर जाणे आणि नजर ठेवणे यात फरक आहे. डोळ्याच्या कडेने हालचाल टिपली की डोळा आपोआप तिकडे वळतो. तो तसाही सेकंदाला साधारण तीनदा जागा बदलत असतो. ही पहिली नजर कोणाचाच गुन्हा नाही, आणि तिच्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचेही कारण नाही. प्रश्न नंतरचा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लंडनच्या विज्ञान संग्रहालयात सुमारे ५०० जणांना, पडद्यावरचा अनोळखी माणूस थेट डोळ्यांत किती वेळ बघत राहिला तर बरे वाटते, असे विचारले गेले. उत्तराची सरासरी आली ३.३ सेकंद. तेही समोरासमोर, चेहऱ्याकडे बघताना. मग पाठमोऱ्या, वाकलेल्या, श्वास रोखलेल्या शरीराकडे दहा सेकंद बघणे कसे वाटत असेल याचा अंदाज करता येतो.

आमच्या लेखी रोखून बघण्याच्या खुणा तीन. नजर बाजूला होऊन पुन्हा त्याच शरीरावर येते. बघता यावे म्हणून माणूस वळतो, बाक बदलतो किंवा रिकामी यंत्रे सोडून जवळच्या यंत्रावर येतो. आणि समोरच्या व्यक्तीच्या लक्षात आले हे दिसूनही तो थांबत नाही. यातली एक खूण दिसली तर लक्ष ठेवावे, दोन दिसल्या तर बोलावे.

आरशाबद्दल एक गोष्ट कित्येकांच्या डोक्यात येत नाही. आरशात तुम्हाला जिचे डोळे दिसतात, तिलाही त्याच वाटेने तुमचे डोळे दिसतात. आरशातून बघितले तर कळत नाही, हा समज निव्वळ चुकीचा आहे. शिवाय माणसाच्या बुबुळाभोवतीचा पांढरा भाग इतका उघडा असतो की नजर कुठे आहे ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखता येते.

याचा परिणाम थेट व्यायामावर होतो. जड डेडलिफ्टमध्ये पोटात हवा भरून ती रोखायची, पाठ ताठ ठेवायची आणि नजर दीड-दोन मीटरवर जमिनीवर स्थिर ठेवायची असते. मागे कोणी उभे आहे अशी शंका आली की मान वळते, पोटाचा ताण सुटतो, कंबर गोल होते. स्क्वॉट अर्ध्यावरून परत वर येतो. शर्ट खाली ओढायला दोन रेप्सच्या मध्ये बार (वजनाचा दांडा) खाली ठेवला जातो. मग हळूहळू ते व्यायामच सुटतात, आणि बाई भिंतीकडच्या ट्रेडमिलवर जाऊन थांबते. हाडे आणि स्नायू मजबूत व्हायला जे वजन उचलणे तिला हवे असते, नेमके तेच तिच्या हातून जाते.

मग विश्रांतीत डोळे कुठे ठेवायचे? वहीत किंवा फोनमध्ये झालेला सेट लिहावा: वजन, रेप्स, कसा गेला. घड्याळ लावावे. बाक पुसावे, पुढच्या सेटच्या वजनाच्या प्लेट्स बारला लावून ठेवाव्यात, पाणी प्यायला चालत जावे. बसायचेच असेल तर आपल्या रॅककडे (बार ठेवण्याच्या चौकटीकडे) किंवा भिंतीकडे तोंड करून बसावे आणि नजर जमिनीवर दोन मीटरवर टेकवावी. जड सेटनंतर डोळे शून्यात लागतात, हे खरे आहे. माणूस कुठेतरी बघत असतो आणि त्याला काहीच दिसत नसते. म्हणूनच सेट संपण्याआधीच तोंड कुठे असेल ते ठरवून उभे राहावे. चुकून नजरानजर झाली तर मान किंचित हलवून दुसरीकडे बघावे. हसून पुन्हा बघू नये.

कोणाची पद्धत बघून शिकायचे असेल तर आधी विचारावे, सेट संपल्यावर, समोरून किंवा बाजूने येऊन, दोन हातांच्या अंतरावरून. “किती सेट राहिलेत?” हा व्यायामशाळेतला सगळ्यात साधा प्रश्न आहे आणि तो एकदाच विचारायचा असतो. कानात हेडफोन असतील तर बोलणे नको असा अर्थ घ्यावा. न मागता सल्ला देऊ नये. अपवाद फक्त धोक्याचा, म्हणजे बारखाली कोणी अडकले किंवा एका टोकाची क्लिप लावलेली नाही आणि प्लेट सरकते आहे. तेव्हा मोठ्याने सांगावे, अंगाला हात लावू नये. ओळख असेल तर “सेट छान झाला” म्हणावे. “बारीक झालीस”, “आता दिसायला लागलीस” हे शरीरावरचे शेरे आहेत, कामावरचे नाहीत. जाड माणसाकडे बघून हसणारे आणि पुरुषांचे दंड न विचारता दाबून बघणारेही याच पंक्तीत बसतात. पुरुषालाही नको वाटते; तो बोलत नाही इतकेच.

जड सेटला मदत करण्यातून बरेच गैरप्रकार शिरतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बेंच प्रेसला (बाकावर उताणे पडून बार वर ढकलण्याच्या व्यायामाला) मदतनीस डोक्याच्या बाजूला उभा राहतो. आधी विचारायचे: किती रेप्स, आणि हात कधी लावू? हात बारच्या खाली ठेवायचे, अंगावर झुकायचे नाही. स्क्वॉटला मागून उभे राहून, वजन उचलणाऱ्याच्या पाठीला छाती लावून, काखेखालून हात घालून आधार देण्याची पद्धत आहे. अनोळखी माणसांत ती आम्हाला मान्य नाही आणि तिची गरजही नाही. रॅकच्या आडव्या सुरक्षापट्ट्या बारच्या सगळ्यात खालच्या पातळीपेक्षा तीन-चार सेंटिमीटर खाली लावल्या की बार त्यांच्यावर टेकवून सुटता येते. माणसेच हवी असतील तर बारच्या दोन टोकांना दोघे उभे राहावेत.

प्रशिक्षकाने स्पर्शाआधी तीन पायऱ्या संपवाव्यात. आधी शब्दांत सांगावे, मग स्वतः करून दाखवावे, मग वस्तूची मदत घ्यावी: पाठीवर लांब काठी ठेवली की डोके, दोन खांद्यांमधली जागा आणि माकडहाड तिला टेकले पाहिजे, एवढ्याने कंबरेची बहुतेक चूक सुधारते. तरीही नाही जमले तर “खांद्यामागे दोन बोटे लावतो, चालेल?” असे जागेचे नाव घेऊन विचारावे, आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारावे, काल दिलेली परवानगी आज धरून चालता येत नाही. छाती, मांडीची आतली बाजू आणि नितंब यांना हात लावून शिकवावे लागेल असा एकही व्यायाम नाही. आडवे झोपवून पाय ताणून देण्याऐवजी पट्टा हातात द्यावा; माणूस स्वतःच ताणून घेतो आणि किती ताण सोसतो ते त्यालाच कळते.

जागेची मांडणी हे चालकांचे काम, आणि ते फारसे खर्चिक नाही. मांड्या उघडून मिटण्याचे यंत्र वजनांच्या मोकळ्या जागेकडे तोंड करून ठेवलेले असते. ते भिंतीकडे वळवावे. कंबर उचलण्याच्या व्यायामाचे बाक कोपऱ्यात, पायांची बाजू भिंतीकडे. ट्रेडमिलच्या रांगेमागे डंबेलची बाके असतील तर बसलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर धावणाऱ्यांच्या पाठी येतात. बाके काटकोनात फिरवावीत. डेडलिफ्टच्या जागेमागे तीन मीटर अंतरात बसण्याची सोय ठेवू नये. फोनवर चित्रण करायचे तर भिंतीकडे तोंड करून, चौकटीत फक्त स्वतः. दुसरे कोणी आले तर चित्रण पुसायचे. हा नियम स्वतःचे व्हिडिओ करणाऱ्या बायकांनाही लागू. कपडे बदलण्याच्या खोलीत फोन बाहेर काढायचाच नाही.

बायकांसाठी राखीव वेळ ठेवायला हरकत नाही, पण तो दुपारच्या रिकाम्या दोन तासांत ढकलला आणि नोकरी करणाऱ्या बाईला तो उपयोगी पडला नाही तर ती सोय म्हणता येणार नाही.

तक्रार आली की सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे तक्रार करणारीलाच वेळ बदलायला सांगणे. त्याऐवजी नोंदवहीत तारीख, वेळ, यंत्र, काय झाले आणि कितव्यांदा, एवढे लिहून घ्यावे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्याच वेळी प्रशिक्षकाने दहा मिनिटे लक्ष ठेवावे. मग त्या माणसाला बाजूला घेऊन, तक्रार कोणाची हे न सांगता, शांतपणे बोलावे: “तुम्ही सेटच्या मध्ये दुसऱ्या सदस्यांकडे बराच वेळ बघता. ते थांबवा.” त्याचेही ऐकून घ्यावे. डोळ्यांत तिरळेपणा असेल तर नजर कुठे आहे हे बाहेरून ओळखता येत नाही; अशी खरी कारणे असतात. आपल्यावर उगाच ठपका येईल ही काही पुरुषांची धास्ती आम्ही खोटी मानत नाही, आणि म्हणूनच आधी बघून मग बोलण्याची ही पद्धत सुचवतो. पुन्हा घडले तर लेखी ताकीद आणि पंधरा दिवस प्रवेश बंद. तिसऱ्यांदा सदस्यत्व रद्द. स्पर्श, चोरून चित्रण किंवा बाहेर पाठलाग असेल तर पायऱ्या मोजू नयेत. त्याच दिवशी प्रवेश बंद करावा, कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवावे आणि तिला पोलिसांकडे जायचे असेल तर सोबत जावे.

नोंदीला आठवडा झाला की त्या सदस्याला एकदा विचारावे, आता ठीक आहे का, आणि तिचे उत्तर त्याच नोंदीखाली तारखेसह लिहावे. ती येईनाशी झाली असेल तर तेही लिहावे, आणि तिला फोन करावा.

आपले,
काही व्यायाम प्रशिक्षक, स्त्रिया व पुरुष